कन्सोलची तक्रार आणि पत्त्यांचा दुष्काळ

तीनशे मेगाबिटची जोडणी घेतली आहे, वेग मोजून पाहिला तर आकडा पुरेपूर येतो, चित्रपट न अडखळता चालतात. मात्र प्लेस्टेशनवर किंवा एक्सबॉक्सवर मित्रांबरोबर सामना जुळवायला जावे तर जोडणीच होत नाही. झालीच, तर एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येत नाही आणि ऐन रंगात खेळाडू बाहेर फेकला जातो. शहरांतील अनेक घरांमध्ये ही तक्रार रोजची झाली आहे. वडीलधाऱ्यांच्या लेखी तो पोरखेळ असतो आणि सेवा पुरवठादाराच्या ग्राहक कक्षाकडे त्यावर एकच उत्तर असते : राउटर बंद करून पुन्हा चालू करा. वस्तुतः या तक्रारीच्या मुळाशी पैसे मोजून आपल्याला नेमके कोणते इंटरनेट मिळते, हा प्रश्न आहे. त्यामुळे कन्सोलला कधी हात न लावणाऱ्यानेही तिच्याकडे लक्ष द्यावे.

चित्रपट पाहणे हा एकतर्फी व्यवहार आहे. मागणी घरातून निघते आणि उत्तर तिच्या मागोमाग घरात येते. कन्सोलवरील अनेक खेळांत मात्र एका घरातील यंत्र दुसऱ्या घरातील यंत्राशी थेट बोलते, म्हणजेच बाहेरून न बोलावता आलेल्या पाहुण्यालाही आत घ्यावे लागते. अडचण येते ती इथे. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत, म्हणजे ‘आयपीव्ही ४’मध्ये, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे फार लवकर ध्यानात आले आणि १९९४ साली ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन’ अर्थात ‘नॅट’ची तोड निघाली. एका सार्वजनिक पत्त्यामागे घरातील सगळी उपकरणे दडवायची आणि कोणाचे टपाल कोणाला द्यायचे याची नोंद राउटरने ठेवायची. गृहनिर्माण सोसायटीच्या दारावरील रखवालदारासारखेच हे काम. ज्याची नोंद वहीत आहे तो आत, नाही तो परत.

हा रखवालदार किती कडक आहे, ते कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत कळते. एक्सबॉक्स त्याला ‘ओपन’, ‘मॉडरेट’ आणि ‘स्ट्रिक्ट’ म्हणतो, प्लेस्टेशन १, २ व ३ असे प्रकार सांगतो, निन्टेन्डो स्विच इंग्रजी अक्षरांनी श्रेणी देतो. ‘ओपन’ असलेला कोणाशीही खेळू शकतो, दोन ‘स्ट्रिक्ट’ एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणूनच एका मित्राशी खेळ जुळतो व दुसऱ्याशी जुळत नाही आणि दोष मात्र खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या माथी जातो.

घरच्या घरी होणारी दुरुस्ती बहुधा एका ठिकाणी सापडते. फायबरची जोडणी देताना पुरवठादार जी पेटी बसवतो, ती स्वतःच राउटर असते. ग्राहक हौसेने आणखी एक चांगला राउटर आणून तिला जोडतो, आणि मग दोन रखवालदार, दोन वह्या. पुरवठादाराची पेटी ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून घ्यावी किंवा आपला राउटर केवळ ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून वापरावा. तक्रारी पुष्कळदा एवढ्यानेच मिटतात. त्यानंतर ‘यूपीएनपी’ ही सोय चालू आहे का ते पाहावे, कारण कन्सोल तिच्याद्वारे हवे ते दार राउटरकडून उघडून घेतो. एक्सबॉक्सचे नेहमीचे दार, म्हणजे पोर्ट, ३०७४ क्रमांकाचे. ते स्वहस्ते उघडायचे असेल तर आधी कन्सोलचा घरातील पत्ता राउटरमध्ये कायम करून घ्यावा लागतो. अन्यथा पत्ता बदलला की उघडलेले दार भलत्याच उपकरणासमोर येते.

सल्ले देणारे काही जण ‘डीएमझेड’ नावाची सोय वापरून एका उपकरणासाठी सगळीच दारे उघडायला सांगतात. केवळ कन्सोलपुरते ते एक वेळ चालेल. परंतु नजरचुकीने तिथे संगणक वा कॅमेरा आला तर धोका मोठा आहे. राउटरचा मूळ सांकेतिक शब्दही त्याच बैठकीत बदलावा. २०१६ साली अमेरिकेत अनेक बड्या संकेतस्थळांची वाट रोखणारा ‘मिराई’ हा घातक प्रोग्राम कारखान्यातून आलेले सांकेतिक शब्द वापरूनच कॅमेरे आणि राउटरांमध्ये शिरला होता. त्याच्या निर्मात्यांचा संबंध ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या धंदेवाईक चुरशीशी होता, हा यातील विलक्षण योगायोग.

एवढे करूनही चाचणी ‘स्ट्रिक्ट’च सांगत असेल, तर राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल तर दुखणे घरातले नाही. पुरवठादाराने स्वतःकडेच एक भलामोठा नॅट बसवला असून अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. यालाच ‘कॅरिअर ग्रेड नॅट’ म्हणतात, आणि हा पत्त्यांचा पट्टा २०१२ साली खास त्यासाठीच राखून ठेवण्यात आला. एका पत्त्याची ६५,५३६ दारे अनेक बिऱ्हाडांत वाटून दिली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येतात आणि तीही उघडण्याचा अधिकार ग्राहकाकडे राहत नाही. राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

पुरवठादारांची बाजू अगदीच खोटी नाही. जागतिक साठ्यातील पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये संपले. आशिया-प्रशांत विभागाला त्याच वर्षी एप्रिलपासून काटकसरीने वाटप सुरू करावे लागले. भारतात घरगुती ब्रॉडबँडचा खरा विस्तार झाला तो त्यानंतर. अमेरिकेतील जुन्या कंपन्यांकडे पत्त्यांची कोठारे होती. आपल्याकडील नव्या कंपन्या उशिरा पंक्तीला बसल्या. मात्र टंचाई आहे म्हणून ती ग्राहकापासून लपवावी आणि पुढे ‘स्थिर पत्ता’ या नावाने जादा पैसे घेऊन तीच वस्तू विकावी, हे न्याय्य म्हणता येणार नाही. शिवाय नुकसान केवळ खेळाडूंचे नाही. घरचा कॅमेरा बाहेरून पाहू इच्छिणारा आणि घरातच छोटा सर्व्हर चालवू पाहणारा विद्यार्थी याच भिंतीवर आदळतो. एका पत्त्यामागे अनेक जण दडल्याने गुन्ह्याचा तपासही कठीण होतो, अशी तक्रार युरोपच्या पोलीस यंत्रणेने, युरोपोलने, २०१७ मध्येच केली होती.

यावरील खरा उपाय म्हणजे ‘आयपीव्ही ६’. त्यात पत्त्यांची ददात नाही. इथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. या नव्या पद्धतीच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. हे श्रेय मुख्यतः मोबाइलचे, त्यातही २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याचे. इमारतीच्या गच्चीवरून तार आणणाऱ्या लहान पुरवठादारांच्या घरगुती जोडण्यांमध्ये मात्र ते सर्वत्र पोहोचलेले नाही. जिथे पोहोचले आहे तिथेही कित्येकदा राउटरमध्ये ते बंदच असते. ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या नव्या घरगुती जोडण्या ‘आयपीव्ही ६’ सक्षम असाव्यात, असे दूरसंचार विभागाने २०२१ मध्ये सांगितले होते. ‘सक्षम’ आणि ‘चालू’ यांतील अंतर मात्र ग्राहकालाच कापावे लागते.

खेळ अडखळण्याचे दुसरे कारण पत्त्याशी संबंधित नसते, आणि त्याची गल्लत नको. घरात कोणी मोठी चित्रफीत वर चढवू लागले की राउटरमधील रांग फुगते आणि खेळातील छोटे संदेश त्या रांगेत अडकतात. वेग जास्त घेतल्याने हे दर वेळी सुटत नाही. ‘एसक्यूएम’सारखी रांग आवरणारी सोय असलेला राउटर घ्यावा, किंवा अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली बांधावी. भिंती काँक्रीटच्या आणि शेजाऱ्यांचे वायफाय दहा, अशा घरात कन्सोलला सरळ लॅनची तार जोडणे हा सर्वांत स्वस्त उपचार. खेळाचा सर्व्हर मुंबईत नसून सिंगापुरात असेल तर मात्र इलाज नाही : सुमारे ३,९०० किलोमीटरचे अंतर काचेच्या तंतूतून जाऊन-येऊन कापायला प्रकाशालाच जवळजवळ ४० मिलिसेकंद लागतात.

सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे अजूनही डाउनलोडचा वेग : २००४ मध्ये २५६ किलोबिट, २०१३ मध्ये ५१२, २०२३ पासून २ मेगाबिट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि त्याच वेळी ई-क्रीडेला उत्तेजन देणारा कायदा केला. ज्या खेळाडूला उत्तेजन द्यायचे, त्याच्या घरी येणाऱ्या तारेत बाहेरून कोणी शिरू शकते की नाही, हे व्याख्येत कुठेच नाही. तोवर, वार्षिक वर्गणी भरण्यापूर्वी पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : सार्वजनिक पत्ता मिळेल का, ‘आयपीव्ही ६’ चालू करून देणार का, आणि पेटी ‘ब्रिज’वर टाकून मिळेल का. शहरात एका इमारतीत दोन-तीन पुरवठादार असतात. उत्तर टाळणाऱ्याला सोडून दुसऱ्याकडे जाता येते.