पाण्याखालचा राहून गेलेला करार

मालेगावातून समुद्र दिसत नाही. इथे मोसम आहे, गिरणा आहे आणि रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट आहे. त्यामुळे अणुपाणबुडीची बातमी चहाच्या हॉटेलात दोन मिनिटांत संपते. पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि मालवाहतुकीची भाडी चढली. पॉलिस्टरचं सूत शेवटी खनिज तेलापासूनच बनतं. तेव्हा समुद्रात काय चाललंय, हा मागवाल्याचाही प्रश्न आहे.

आपली पहिली अणुपाणबुडी ‘अरिहंत’ २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. दुसरी, ‘अरिघात’, २९ ऑगस्ट २०२४ रोजी नौदलात आली. डिझेलच्या पाणबुडीला बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी पृष्ठभागाजवळ यावं लागतं आणि तिथे ती सापडू शकते. अणुभट्टीवर चालणारी पाणबुडी महिनोन्महिने खाली राहते. अन्नसाठा आणि माणसांची सहनशक्ती एवढीच तिची मर्यादा.

माझा या पाणबुड्यांना विरोध नाही. अण्वस्त्र आधी आपण वापरणार नाही, असं भारताचं जाहीर धोरण आहे. ज्याने पहिला वार न करण्याचा शब्द दिला, त्याच्याकडे समोरच्याचा पहिला वार पचवून उरणारं शस्त्र हवंच. ते समुद्रातच लपू शकतं.

पण लपणं हाच धोकाही आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटनची ‘व्हॅनगार्ड’ आणि फ्रान्सची ‘ल त्रिऑम्फाँ’ या दोन अणुपाणबुड्या अटलांटिकमध्ये एकमेकींवर आदळल्या. दोन्ही देश मित्र. नशिबाने कुणी दगावलं नाही. हेच अरबी समुद्रात घडलं तर? पाकिस्तान चीनकडून ‘हंगोर’ वर्गाच्या आठ पाणबुड्या घेतोय. त्या डिझेलच्या आहेत, पण नाव लक्षात घ्या: ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ बुडवून आपले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक घेणाऱ्या पाणबुडीचं ते नाव. अशा पाण्यात साधा अपघातही हल्ला वाटू शकतो. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत ‘सिंधुरक्षक’वर स्फोट झाले, १८ जण गेले. तिथे शत्रू नव्हता, आणि ती आपल्या बंदरात होती, म्हणून गोष्ट तिथेच थांबली.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने समुद्रातल्या अशा घटना टाळण्याचा करार केला. एकमेकांच्या जहाजांशी कसं वागायचं, इशारे कसे द्यायचे, हे ठरलं. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी लाहोरमध्ये भारत-पाकिस्तानच्या परराष्ट्र सचिवांनीही असा करार करू, असं लिहून सही केली. काही महिन्यांत कारगिल आलं. ऑगस्टमध्ये पाकिस्तानी नौदलाचं ‘अटलांटिक’ विमान आपण पाडलं, १६ जण मेले. तो करार राहून गेला.

‘त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?’ असं कुणी म्हणेल. विश्वास असता तर कराराची गरजच काय होती? दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. युद्ध झालं, बोलणी तुटली, तरी हे थांबलेलं नाही. जे जमिनीवर जमतं, ते पाण्यात का जमू नये?

मुसलमानाने हे लिहिलं की कुणी हेतू शोधतो. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. ‘के-१५’, ‘के-४’ या पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्रांतला ‘के’ कलामसाहेबांचा मानला जातो. या समुद्राबद्दल बोलायला मला कुणाची परवानगी नको.

पुढची पाणबुडी येईल तेव्हा टाळ्या जरूर वाजवू. पण त्याच दिवशी आपल्या खासदाराला एवढं विचारू: लाहोरच्या कागदावरचं ते कलम कुठवर आलं?