शिक्का खरा, शाळा खोटी

बारावीचे निकाल लागले म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील कित्येक घरांत एकच विचार सुरू होतो: पोरीला नर्सिंगला घालावे. विचार चांगला आहे. आपल्या अनेक मुलींनी या सेवेत नाव मिळविले आणि त्यांच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. म्हणूनच ग्वाल्हेरीकडील हकीकत वाचकांच्या कानी घालणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्वाल्हेर हे शिंद्यांचे शहर. तेथील लष्कर भागात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या शहरात आणि सबंध मध्य प्रदेशात मध्यंतरी नर्सिंग महाविद्यालयांचे पेवच फुटले. प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले तेव्हा दोन-चार खोल्यांत थाटलेली महाविद्यालये, कागदावरची रुग्णालये आणि एकाच वेळी अनेक महाविद्यालयांच्या पटावर असलेले शिक्षक अशा तक्रारी बाहेर आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षाच थांबविल्या. चौकशी सी.बी.आय.कडे गेली. ३०८ महाविद्यालये तपासली गेली. त्यांपैकी १६९ तेवढी योग्य ठरली. पण पुढे ऐका! मे २०२४ मध्ये चौकशी पथकातीलच एक निरीक्षक लाचेच्या आरोपावरून पकडला गेला आणि त्या १६९ महाविद्यालयांचीही पुन्हा तपासणी करण्याचा आदेश निघाला. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हे.

या अवधीत मुलींचे काय झाले? २०२०-२१ साली प्रवेश घेतलेल्यांची पहिल्या वर्षाची परीक्षा वर्षानुवर्षे लांबली. फी भरलेली, बापाने कर्ज काढलेले, आणि लग्नाच्या बैठकीत मुलगी काय शिकते या प्रश्नाला उत्तर नाही.

ही महाविद्यालये काही चोरून चाललेली नव्हती. मान्यतापत्रे होती, त्यांवर शिक्के होते. “सरकारी यादीत नाव पाहा आणि निश्चिंत व्हा” हा उपदेश आपण सर्वच करीत असतो. ग्वाल्हेरीत तो पाळणारेही फसले.

मग साता समुद्रांपलीकडे लेकरू धाडणाऱ्यांची काय कथा? कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठास परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगी अमेरिकन सरकारनेच दिली होती. जानेवारी २०११ मध्ये तेथे धाड पडली. विद्यार्थी बहुतेक भारतीय, विशेषतः तेलुगू मुलखातले. आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांचा पत्ता एकाच घराचा नोंदलेला! कित्येकांच्या पायांत पाळतीची कडी अडकविली गेली, तेव्हा आपल्या सरकारने निषेध केला. संस्थापिकेस २०१४ साली साडेसोळा वर्षांची शिक्षा झाली. पण मुलांची गेलेली वर्षे त्याने परत आली नाहीत.

मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठाची गोष्ट तर याहून विलक्षण. त्यात ना शिक्षक, ना वर्ग; ते व्हिसाचा गैरवापर पकडण्यासाठी अमेरिकन सरकारनेच लावलेले जाळे होते आणि सरकारी यादीत त्याचे नाव झळकत होते. जानेवारी २०१९ मध्ये जाळे ओढले, तेव्हा पहिल्या झपाट्यात धरलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय निघाले. नोकरीचा कागद हवा म्हणून ही मुले जाणूनबुजून आली, असे तेथील सरकारचे म्हणणे. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु वर्ग नाहीत असे पाहून दुसरीकडे बदली मागणारेही त्यांत होते, आणि फी मात्र सर्वांची घेतली. त्या फीसाठी एका विद्यार्थ्याने सरकारवर लावलेला दावा चालू शकतो, असे अपील न्यायालयाने २०२४ साली ठरविले.

तेव्हा यादी पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. नर्सिंगच्या महाविद्यालयास शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे असा नियम आहे. आई किंवा बापाने एकदा एस.टी.ने वा रेल्वेने तेथवर जावे, वॉर्डात शिरावे आणि खाटांवर रुग्ण आहेत की नुसत्या चादरी, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. दारातील पाटी वाचून परतू नये. तिसऱ्या वर्षाच्या मुलीस गाठून विचारावे, “बाई, तुझी पहिल्या वर्षाची परीक्षा कधी झाली?” तिचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा भरवशाचे. मूळ दाखले कोणापाशीही ठेवू नयेत आणि पावतीवाचून पैसा देऊ नये. मुलगा परदेशी निघाला असेल तर त्याच विद्यापीठात शिकणारा एखादा विद्यार्थी शोधून त्याच्याशी स्वतः बोलावे. दलालाने जोडून दिलेल्या माणसाशी नव्हे. दलालास माणशी दलाली मिळते. फार्मिंग्टनसाठी विद्यार्थी गोळा करणारे आठजण पुढे दोषी ठरले, आणि ते या मुलांच्याच ओळखीपाळखीतले होते.

यंदा कोणाची मुलगी वा मुलगा असा अडकून घरी परतला असेल, तर “तुला अक्कल नव्हती काय?” हा प्रश्न शेजाऱ्यांनी कृपा करून गिळावा. जिथे शिक्का मारणारेच फसवितात, तिथे अठरा वर्षांच्या पोरीने काय ओळखावे? तिची कागदपत्रे घेऊन विद्यापीठाच्या कचेरीत तिच्यासोबत जाणारा कोणी जाणता मनुष्य आधी शोधावा. ग्वाल्हेरकडील मुलींनीही आपली गाऱ्हाणी न्यायालयापर्यंत नेली. अपात्र ठरलेल्या महाविद्यालयांतील मुलींनाही परीक्षेस बसू द्यावे, असे न्यायालयाने २०२४ साली सांगितले, ते त्यानंतर.