एअर फिल्टर विका, पण ‘मायलेज वाढेल’ म्हणून नको

दापोडीत छोटं गॅरेज किंवा वॉशिंग सेंटर काढायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो एअर फिल्टरचा. चार क्लिपा काढायच्या, पाच मिनिटांचं काम, मार्जिन बरं. आणि ग्राहकाला काय सांगायचं? काळा फिल्टर दाखवून, ‘साहेब, मायलेज यानेच पडलंय.’

माझं स्पष्ट मत आहे, हे वाक्य दुकानात बोलूच नका. 2009 साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने याची चाचणी घेतली. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर चोंदला तरी मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. साधं आहे, हवा कमी आली की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. कार्बोरेटरच्या जमान्यातली गोष्ट आपण अजून विकतोय! आज मायलेजचा आकडा डॅशबोर्डवरच दिसतो. ग्राहक लोणावळ्याला जाऊन येतो, आकडा तोच. पुढच्या वेळी तो तुमच्याकडे कशाला येईल?

मग फिल्टर बदलायचा कशासाठी? धुळीसाठी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पुढे भोसरी-चाकणकडे रोज ये-जा करणाऱ्या गाडीत धूळ किती जाते ते बघा. ती सिलिंडरमध्ये गेली तर इंजिन घासतं. म्हणून फाटलेला किंवा नीट न बसलेला फिल्टर हा मळलेल्यापेक्षा वाईट.

डबा मालकासमोरच उघडा. फिल्टरमागे टॉर्च धरा. घड्यांतून उजेड नीट येतोय, कागद शाबूत आहे आणि कंपनीच्या पुस्तिकेतले किलोमीटर भरले नाहीत, तर ‘अजून चालेल’ म्हणा आणि परत बसवा. उजेडच येत नसेल, तेल लागलं असेल, रबर चिरलं असेल तर बदला. डब्यातली धूळ ओल्या फडक्याने पुसायची, ती आतल्या पाइपात जाता कामा नये. कॉम्प्रेसरची हवा फुल प्रेशरने मारली तर कागदच फाटतो; मारायचीच तर हलकी, स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे. जुना फिल्टर ग्राहकाच्या हातात द्या. आणि एसीचा केबिन फिल्टर वेगळा असतो, हे बिलातही वेगळं दिसलं पाहिजे.

‘अजून चालेल’ म्हटलं की त्या दिवसाचं मार्जिन गेलं, खरंय. ते जाऊ द्या. तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं स्टिकर बॉनेटच्या आत चिकटवा, तीच तुमची जाहिरात. सुरुवातीला फिल्टरचा स्टॉक मात्र भरू नका. मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल हे लिहून घ्या आणि लागेल तसा नाना पेठेतून आणा.