जावातलं '::न्यू': एका छोट्या नियमाची मोठी परीक्षा

सप्टेंबर २०२५ मध्ये जावा २५ आलं. आता दर सहा महिन्यांनी नवं जावा येतं. मग २०१४ च्या जावा ८ मध्ये शिकलेला कोड आजही कसा चालतो? कारण प्रत्येक वेळी जुने नियम पुन्हा तपासले जातात. त्यातलाच एक नियम बघू.

आधी बीडचं उदाहरण

नुसतं 'बीड' ऐकलं तर गाव की धातू? 'बीडचा' म्हटलं की गाव, 'बिडाचा तवा' म्हटलं की धातू. म्हणजे पुढचं ऐकल्याशिवाय अर्थ ठरत नाही.

कंपायलरचंही तसंच होतं. ॲरेलिस्ट<स्ट्रिंग>::न्यू म्हणजे 'स्ट्रिंगची यादी आत्ता बनवू नको, कशी बनवायची ते लक्षात ठेव.' याला कन्स्ट्रक्टर रेफरन्स म्हणतात. पण '<' दिसल्यावर कंपायलरला प्रश्न पडतो: हे 'पेक्षा लहान' आहे की जेनेरिकचा कंस?

- फ(अ < ब, क > ड) : दोन तुलना
- फ(अ<ब, क>::न्यू) : एकच कन्स्ट्रक्टर रेफरन्स

सुरुवात सारखीच! '>' च्या पुढे काय आहे ते पाहिल्यावरच उलगडा होतो.

टेस्ट कशी करतात?

ओपनजेडीकेमध्ये यासाठी वेगळी टेस्ट आहे. ती वेगवेगळे तुकडे जोडून कोड तयार करते. बरोबर कोड पास झाला का, एवढंच बघून ती थांबत नाही; चुकीच्या कोडला एरर आला का, हेही बघते.

- ॲरेलिस्ट::न्यू : चालतं, प्रकार कंपायलर ओळखतो
- ॲरेलिस्ट<>::न्यू : व्याकरणातच बसत नाही
- लिस्ट<स्ट्रिंग>[]::न्यू : व्याकरणात बसतं, तरी एरर, कारण जेनेरिक ॲरे बनवता येत नाही

तुम्हाला काय फायदा?

तुम्ही अंबाजोगाईला इंजिनिअरिंग करत असाल किंवा परळीत मोबाईलवर कोडिंग शिकत असाल, आज एआय काही सेकंदांत कोड लिहून देतं. 'रन झालं' म्हणून आपण पुढे जातो. पण इंटरव्ह्यूमध्ये विचारतात, 'हे का चालत नाही?' तिथेच गाडी अडते.

म्हणून आज मोबाईलवरच्या ऑनलाइन कंपायलरमध्ये वरच्या तिन्ही ओळी इंग्रजीत टाका. एरर आला की लगेच पुसू नका, आधी वाचा. नियमाची हद्द कुठे संपते, हे एररच सांगतो.