पीडीएफ तर आधीच असते!

माझी ताई गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. झाडीबोलीवरचा तिचा शोधनिबंध एका नियतकालिकाने पैसे घेऊन छापला. पोस्टाने दोन प्रती आल्या. एक बढतीच्या फाइलला लागली, दुसरी कपाटात गेली. ज्या बोलीबद्दल तिने लिहिलं, ती बोलणाऱ्या कुणाच्याही मोबाइलवर तो लेख उघडत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. 'आपल्याकडे सोय नाही' ही सबब मला पटत नाही. लेख ईमेलने गेला, कम्प्युटरवर जुळला, पीडीएफ होऊनच छापखान्यात पोचला. ती वेबसाइटवर चढवायला पाच मिनिटं लागतात. आयएसएसएन क्रमांक ऑनलाइन नियतकालिकालाही मिळतो. मग अडतं कुठे?

अडतं गुणांपाशी. यूजीसीच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण लावले. मग कित्येक अंक वाचण्यासाठी कमी आणि पावती म्हणून जास्त निघू लागले. 2019 मध्ये केअर यादी आली, 2025 मध्ये गेली. फाइल तेवढी राहिली.

मान्य, कागद टिकतो. सर्व्हरचं भाडं थकलं की वेबसाइट बंद पडते. अंक मात्र ग्रंथालयात शंभर वर्षं राहू शकतो. मग छापा की! पण टिकवायला छापलेलं लपवता कशाला? उघड्यावर आलं की चुका दिसतात, उचलेगिरी पकडली जाते. खरी भीती त्याचीच आहे.

ताईला एवढंच म्हटलं, "लेख तुझा आहे ना? पाठव. आज रात्रीच चढवतो."