संशोधनाची परीक्षा विहिरीच्या काठावर

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना निसर्गाने वनसंपदा व खनिजसंपदा दोन्ही मुक्तहस्ते दिल्या. खनिजाचा उपसा सुरू झाला की वन संकटात येते आणि दोहोंच्या खालचे भूजल मुकाट्याने नासत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक मांडला, तेव्हा 83.88 गुणांसह चंद्रपूर देशात चौथे होते. काळवंडलेली नदी डोळ्यांना दिसते. विहिरीतले विष मात्र गावाला फार उशिरा कळते.

असे पाणी सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने शुद्ध करणे हा आज अनेक विद्यापीठांत पीएच.डी.चा विषय आहे. त्याची शास्त्रीय बैठक पक्की आहे. काही जीवाणू तेल वा अन्य सेंद्रिय रसायने खाऊन जगतात आणि त्यांचे निरुपद्रवी घटकांत विघटन करतात. धातूंचे असे विघटन होत नाही. पण त्यांचे विरघळणारे रूप पालटून जीवाणू त्यांना जागीच बांधून ठेवू शकतात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रायफल येथे 2002 मध्ये युरेनियमने दूषित भूजलात व्हिनेगरच्या जातीचे ॲसिटेट सोडण्यात आले. त्यावर पोसलेल्या ‘जिओबॅक्टर’ जीवाणूंनी पाण्यातील युरेनियम घटवले. ते जीवाणू बाहेरून आणलेले नव्हते. त्याच भूमीतल्या जीवाणूंना केवळ खाद्य मिळाले होते.

ही विद्या आपल्यालाही परकी नाही. तेल पचवणारा जीवाणू घडवणारे आनंद मोहन चक्रवर्ती मूळचे बंगालचे. सजीवाला पेटंट देता येते, हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा 1980 चा निकाल त्यांच्याच जीवाणूसंबंधी होता. नागपूरच्या ‘नीरी’तील आशा जुवारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळसा खाणीच्या 10 हेक्टर ढिगाऱ्यावर सांडपाण्याचा प्रक्रिया केलेला गाळ, जिवाणू खते आणि मुळांशी नांदणारी बुरशी वापरून झाडे वाढवली. क्रोमियम, शिसे, कॅडमियम आदी जड धातूंची विषाक्तता 34 ते 43 टक्क्यांनी घटल्याचे त्यांच्या 2008 च्या शोधनिबंधात नमूद आहे. अशा ढिगाऱ्यांतून झिरपणारे पाणीच पुढे भूजलात मिसळते, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

मग घोडे अडते कुठे? प्रबंध प्रयोगशाळेत जन्मतो, पदवी मिळते आणि तो ग्रंथालयात विसावतो. ज्या गावचे पाणी बाटलीत भरून नेले, त्या गावाला निष्कर्ष कळतच नाही. शिवाय जीवाणू म्हणजे सर्व रोगांवरचा रामबाण नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे आणि ते खडकांतूनच येते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की दात आणि पुढे हाडे बाधित होतात. फ्लोराइड खाऊन नाहीसे करणारा जीवाणू नाही. तिथे ‘नीरी’ने विकसित केलेली चुना-तुरटीची नलगोंडा पद्धत किंवा तत्सम उपायच हवा. रोगाचे निदान न करता औषध देणाऱ्या वैद्याला आपण दारात उभे करीत नाही. पाण्याच्या बाबतीतही हाच विवेक हवा.

जीवाणूंच्या नावाखाली प्रदूषकाला मोकळीक मिळता कामा नये, हेही निक्षून सांगावे लागेल. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकानेच सोसावा असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले. आधी गळती थांबवायची, मग उरलेल्या विषावर जीवाणूंची योजना करायची, हाच योग्य क्रम आहे. गळती चालू ठेवून जीवाणू सोडणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

गडचिरोलीत 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे या दोन्ही जिल्ह्यांचे शैक्षणिक पालकत्व आहे. भूजलावरील प्रत्येक प्रबंधामागे एक गाव आणि त्या गावची विहीर असावी. उपचारापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी सर्व ऋतूंत घेतल्या जाव्यात आणि त्या सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे वाचल्या जाव्यात. मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटांच्या बळावर आपल्या जंगलाचा कारभार हाती घेतला. जे गाव जंगलाचा अभ्यास करू शकते, ते पाण्याचाही करील. दोन जिल्ह्यांची गरज मात्र वेगळी आहे. चंद्रपुरात उपचार हवा. सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन वाढत असताना गडचिरोलीत भोवतालच्या विहिरींची आजची नोंद हवी. मूळची स्थितीच लिहिलेली नसेल, तर उद्या बिघाड झाला हे सिद्ध कोण आणि कसे करणार?

आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज सूक्ष्मजीवशास्त्र शिकतात. त्यांच्या पदवीचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्यांच्या संशोधनातून कोणत्या गावाची घागर स्वच्छ होणार, हेही प्रेमाने विचारावे. हा प्रश्न घराघरांतून विचारला गेला, तर विद्यापीठांनाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.