निजाम म्हणजे कारभारी

गेल्या सतरा सप्टेंबरला माकणीत झेंडावंदन आटोपले आणि चौथीतील एका मुलाने आम्हांस विचारले, “गुरुजी, निजाम म्हणजे राक्षस का हो?” पोरे हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. ज्या शब्दाने त्याच्या पणज्याच्या अंगावर काटा येई, त्याचा अर्थ आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

निजाम हा शब्द अरबी. अर्थ व्यवस्था, शिस्त. लग्नघरी आपण ‘इंतजाम’ म्हणतो, तो त्याच घराण्यातला. निजाम-उल-मुल्क म्हणजे राज्याची घडी नीट ठेवणारा. हा किताब दिल्लीचा बादशहा फर्रुखसियर याने १७१३ साली मीर कमरुद्दीन यास दिला. म्हणजे निजाम मुळात धनी नव्हे, धन्याचा कारभारी! हाच कारभारी १७२४ साली साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनचा मालक होऊन बसला. नाणी मात्र १८५७ च्या बंडापर्यंत दिल्लीपतीच्याच नावाची पडत. म्हणून आपले वाडवडील या मुलखास ‘मोगलाई’ म्हणत. आणि मोगलाई म्हणजे अंदाधुंदी, असाही अर्थ मराठीत रूढ झाला. व्यवस्थेच्या नावाने चाललेल्या राज्यास रयतेने दिलेले हे प्रशस्तिपत्र!

सातवा निजाम मीर उस्मान अली १९११ साली गादीवर आला. आपल्या जिल्ह्याने त्याचे नाव २०२३ पर्यंत वागविले. ‘सर्फ-ए-खास’ म्हणून मोठा मुलूख त्याच्या खाजगी खर्चास लावलेला होता. कुणब्याने पिकवावे, गोरगरिबांनी वेठ करावी, आणि हिशेब कोणी पुसू नये! वेठ घेणारे जहागीरदार-देशमुख काही एकाच धर्माचे नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य बुडाले.

पण बांधवहो, ती खोड बुडाली काय? सरपंच, सोसायटीचा चेअरमन, आमदार हे सारे आपण नेमलेले कारभारी. त्यांस ‘मायबाप’ कोण म्हणतो? आपणच! ग्रामसभेत जमाखर्च वाचतात, तेव्हा आपण पारावर तंबाखू मळीत बसतो; आणि मायबहिणींस तर तेथे कोणी बोलावीतही नाही. मग कारभारी धनी झाला तर दोष कोणाचा?

त्या मुलास आम्ही सांगितले, “राक्षस नव्हे बाळा, कारभारी. पण त्याला हिशेब विचारणारा कोणी उरला नव्हता.” पुढच्या ग्रामसभेस घरटी एक बाई व एक बाप्या जावा, आणि जमाखर्च मोठ्याने वाचावयास लावावा, एवढेच आमचे मागणे आहे.